उंचावरचा गाइडेड ट्रेक बुक करताना किंमत सगळ्यात शेवटी बघा

उंच डोंगरात गाइडेड ट्रेकला जायचं ठरलं की बहुतेक जण चार कंपन्यांची पानं उघडतात, खाली किंमत बघतात आणि जिची कमी तिला फोन लावतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. एकाच रस्त्यावर, एकाच सीझनमध्ये दोन कंपन्यांच्या किमतीत खूप फरक असेल तर तो कुठून तरी आलेला असतो, आणि काटछाट करायच्या जागा फार नसतात. परमिटची फी सगळ्यांना सारखी, गाडी-विमानाचा खर्च जवळपास सारखा, मग उरतं काय, तर ट्रेकचे दिवस आणि सोबत येणाऱ्या माणसांवरचा खर्च, म्हणजे त्यांची मजुरी, कपडे, जेवण, झोपायची जागा. दिवस कापले की भोगायचं तुमच्या शरीराने, माणसांवरचा खर्च कापला की भोगायचं पोर्टरने, म्हणजे सामान वाहणाऱ्या माणसाने. म्हणून आधी दिवस बघा, मग पोर्टरबद्दल विचारा, मग गाइडबद्दल, आणि हे सगळं पटलं तरच किमतीवर या.

आधी दिवस मोजा

साधारण ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ पैसे देऊन किंवा जिम करून कमी होत नाही. तुम्ही मॅरेथॉन पळत असाल तरी उंचीचा त्रास होऊ शकतो, उलट फिट माणूस भरभर चढतो म्हणून कधी कधी त्यालाच आधी होतो. डॉक्टर मंडळी जो नियम सांगतात तो असा: ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची त्याच उंचीवर काढायची. नीट वाचा, झोपायची उंची. दिवसा तुम्ही आणखी वर जाऊन खाली येऊन झोपलात तर ते चांगलंच.

आता इटिनररी, म्हणजे कंपनीने दिलेला दिवसवार प्लॅन, घ्या आणि कागदावर फक्त एकच रकाना काढा, कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार. किती किलोमीटर चालणार, कुठला सूर्योदय दिसणार ते सगळं बाजूला ठेवा. टांझानियातल्या किलिमांजारो डोंगराचा मारांगू रूट घ्या, मांडारा हट साधारण २७०० मीटरवर, होरोम्बो ३७२०, किबो ४७२०, आणि पाच दिवसांच्या प्लॅनमध्ये या तीन ठिकाणी लागोपाठ तीन रात्री, तिसऱ्या रात्रीची झोपही पुरती होत नाही कारण मध्यरात्रीच्या सुमारास उठून ५८९५ मीटरच्या टोकाकडे निघायचं असतं. रोज हजार मीटर! नियमाच्या दुप्पट. त्याच रूटवर होरोम्बोला एक रात्र जास्त घेतलेला सहा दिवसांचा प्लॅनही मिळतो आणि दुसऱ्या बाजूने जाणारे सात-आठ दिवसांचे रूटही आहेत, पण ते महाग पडतात म्हणून लोक पाच दिवसांचा घेतात आणि मग अर्ध्यातून ओकत परत येतात. याच्या उलट एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या बाजूला बघा, वाटेतलं नामचे गाव ३४४० मीटरवर आहे आणि तिथे दोन रात्री थांबायची पद्धत आहे, मधल्या दिवशी वर चढून पुन्हा नामचेलाच झोपायला यायचं. एखाद्या कंपनीने तो दुसरा दिवसच उडवला असेल तर स्वस्ताईचं कारण तिथेच सापडलं.

शेवटी एखादा मोकळा दिवस ठेवलाय का तेही बघा, ज्याला बफर डे म्हणतात. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये नेपाळमध्ये अन्नपूर्णाच्या बाजूला हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी एकदम प्रचंड बर्फ पाडला, थोरोंग ला हा ५४१६ मीटरचा पास, म्हणजे खिंड, आणि आसपासच्या भागात मिळून ४० पेक्षा जास्त माणसं गेली, त्यात ट्रेकर होते, गाइड होते, पोर्टर होते. असं वादळ रोज येत नाही, पण हवा बिघडली की दिवसभर थांबायची सोय प्लॅनमध्ये असायला हवी, कारण ज्याची परतीची फ्लाइट उद्याची आहे तो माणूस गाइडलाही पुढे ढकलतो आणि गाइड नाही म्हणू शकत नाही.

पोर्टरबद्दल काय विचारायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इथेच लोक सगळ्यात कमी प्रश्न विचारतात. आपल्या डोक्यात एक समज पक्का बसलेला असतो की पोर्टर डोंगरातलेच आहेत, त्यांना सवय आहे. अनेकदा असं नसतं. नेपाळमध्ये बरेचसे पोर्टर खालच्या टेकड्यांतल्या शेतकरी घरातले असतात, सीझनपुरते मजुरीला आलेले, आणि ४५०० मीटरवर त्यांचं डोकं तुमच्यासारखंच दुखतं. फरक एवढाच की तुम्ही सांगता आणि ते सांगत नाहीत, कारण आजारी पडलं तर मजुरी बुडते.

१९९७ मध्ये इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप नावाची संस्था सुरू झाली, एका तरुण नेपाळी पोर्टरच्या मृत्यूनंतर. त्यांनी मांडलेल्या गोष्टी साध्या आहेत आणि प्रश्न म्हणून जशाच्या तशा वापरता येतात. पोर्टरला त्या उंचीला आणि हवेला पुरतील असे कपडे आणि बूट कोण देतं? झाडं संपल्यावर वर तो रात्री कुठे झोपतो, अंगावर काय घेतो, जेवतो कुठे? त्याचा विमा आहे का, आजारी पडला तर उपचार तुमच्या बरोबरीने मिळणार का? आजारी पोर्टरला हातात पैसे टेकवून एकट्याला खाली पाठवायचं नाही, सोबत त्याची भाषा बोलणारा माणूस हवा, हे कंपनीला मान्य आहे का? आणि वजन किती?

वजनाचं थोडं सविस्तर सांगतो. किलिमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे आणि पार्कच्या गेटवर ते तोलतात. नेपाळसाठी ३० किलो ही मर्यादा मानली जाते, जी ऐकायलाच जड आहे. ही मर्यादा आहे, टार्गेट नाही, आणि वर ताजा बर्फ असेल, रस्ता खराब असेल, पोर्टर वयाने लहान किंवा अंगाने बारीक असेल तर ती कमी व्हायला पाहिजे. तुमच्या दोघांमागे एक पोर्टर असा हिशोब असेल तर प्रत्येकाची डफल बॅग, म्हणजे पोर्टरकडे द्यायची मोठी बॅग, १० किलोच्या आत ठेवा, म्हणजे त्याचं स्वतःचं सामान धरूनही ओझं आवाक्यात राहील. घरी वजनकाट्यावर ठेवून बघा, जास्तीची जीन्स, दुसरी जॅकेट, मोठी शाम्पूची बाटली, जाड पुस्तक, हे तिथेच बाहेर काढा. दुसऱ्याच्या पाठीवर जाणार आहे म्हणून आपण बेफिकीर भरतो, स्वतःच्या सॅकमध्ये तेच भरलं असतं का ते विचारून बघा.

उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. ज्या कंपनीत हे खरंच पाळतात तिथला माणूस आकडे सांगतो, कपडे कुठून देतो ते सांगतो, विम्याची रक्कम सांगतो, कधी कधी तुम्ही विचारलंत म्हणून खूशही होतो. जिथे पाळत नाहीत तिथे "आमचे पोर्टर म्हणजे आमची फॅमिली आहे" असं काहीतरी गोड ऐकायला मिळतं आणि आकडा एकही नसतो. अशा वेळी दुसरी कंपनी शोधा, खरंच.

गाइड आणि ग्रुप

काही ठिकाणी गाइड घेणं ऐच्छिक राहिलेलंच नाही. किलिमांजारोवर लायसन्सवाला गाइड लागतोच, पेरूमधल्या इंका ट्रेलवरही लागतो, आणि नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून ट्रेकिंगच्या बऱ्याच भागांत एकट्याने फिरणं बंद करून गाइड सक्तीचा केलाय, अंमलबजावणी मात्र भागाप्रमाणे वेगळी. त्यामुळे गाइड असणारच आहे, प्रश्न आहे कसला गाइड. लायसन्स त्या देशाचं किंवा भागाचं आहे का, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग कधी झालंय, हाच रूट त्याने आधी केलाय का, तुमच्याशी बोलता येईल अशी भाषा येते का. दूर देशातून लीडर येणार असेल तर यूआयएमएलए या संघटनेने मान्य केलेली इंटरनॅशनल माउंटन लीडर ही पात्रता विचारू शकता, पण त्याच्या जोडीला त्या डोंगरातलाच माणूस हवा. रस्ता, हवा, गावातली माणसं, कुठल्या ओढ्याला दुपारी पाणी चढतं हे त्यालाच माहीत असतं आणि पैसाही त्याच खोऱ्यात राहतो.

मी एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगतो: ग्रुपमधला एक जण आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार आणि बाकीच्यांसोबत कोण राहणार? दहा जणांमागे एकच गाइड असेल तर याला उत्तर नाही, मग होतं काय तर आजारी माणसालाही सगळ्यांसोबत वर ओढत नेतात, किंवा कोवळ्या पोराबरोबर खाली धाडतात. असिस्टंट गाइड हवाच. आणि परत फिरायचा निर्णय गाइडचा, त्यावर ऑफिसमधून कोणी दबाव आणत नाही, हे लेखी असेल तर उत्तम. दुर्गम रूट असेल तर ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा फुगवून आत माणसाला ठेवतात ती प्रेशर बॅग सोबत असते का आणि ती वापरता कोणाला येते, सॅटेलाइट फोन आहे का, तेही विचारा.

ग्रुप लहान बरा. किती लहान हे जागेवर आहे, पण नाजूक कुरणांवर तर नक्कीच. उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली, तेव्हा पुष्कळ ट्रेकर नाराज झाले होते. पण तंबूखाली दाबलेलं, चर खणलेलं, खेचरांनी तुडवलेलं ते गवत पुन्हा यायला वर्षं लागतात कारण तिथे वाढीचे महिनेच थोडे असतात. इंका ट्रेलवर दिवसाला ५०० माणसांची मर्यादा आहे, गाइड-पोर्टर धरून, आणि दरवर्षी फेब्रुवारीत तो रस्ता बंदच असतो, डागडुजीसाठी. तर एखादी कंपनी बंदी असलेल्या जागी "आमची सेटिंग आहे" म्हणून कॅम्प लावून देत असेल तर तो तिचा गुण नाही.

विमा

थोडक्यात. पॉलिसीत उंचीची मर्यादा लिहिलेली असते, ती तुमच्या ट्रेकच्या सगळ्यात उंच ठिकाणापेक्षा जास्त हवी, आणि हेलिकॉप्टरने काढायचा खर्च त्यात स्पष्ट हवा. पॉलिसी नंबर आणि इमर्जन्सी फोन गाइडकडे आणि तुमच्या खिशात, दोन्हीकडे. नेपाळमध्ये २०१८ साली सरकारी चौकशीत असं पुढे आलं की काही जण गरज नसताना ट्रेकरला हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपनीकडून पैसे काढत होते. आधी ट्रेक स्वस्तात विकायचा आणि मग तूट अशी भरून काढायची, म्हणून फार स्वस्त पॅकेज बघितलं की हेही डोक्यात ठेवा. हेलिकॉप्टर बोलवताना शक्य असेल तर आधी विमा कंपनीशी बोला, पण माणूस खरंच वाईट अवस्थेत असेल तर एक मिनिटही घालवू नका.

चढताना

डोकं दुखतंय, भूक नाही, मळमळतंय, झोप लागत नाही, गळून गेल्यासारखं वाटतंय: उंचीवर हे झालं तर दुसरं काही कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा. गाइडला सांगा. लपवू नका, लपवलंत तर तुमच्यासोबत अख्खी टीम अडचणीत येते. लक्षणं असताना आणखी वर झोपायला जायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि थांबूनही वाढत असतील तर खाली उतरायचं.

याच्या पुढची दोन रूपं जीवघेणी आहेत. एकात फुप्फुसात पाणी होतं, बसल्या बसल्याही धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर होतात, सोबतच्यांपेक्षा हा माणूस फारच मागे पडायला लागतो. दुसऱ्यात मेंदूला सूज येते, माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा अगदी गप्प होतो. एका सरळ रेषेत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत चालायला सांगा, तोल जात असेल तर विषय संपला. दोन्हीवर उपाय एकच, लगेच खाली, रात्र असली तरी, सकाळची वाट न बघता, आणि एकट्याला कधीच नाही. ऑक्सिजन, औषधं, प्रेशर बॅग हे सगळं खाली उतरता येईपर्यंत वेळ काढण्यासाठी. हीच टेस्ट पोर्टरसाठीही करा, संध्याकाळी गाइड तुमची विचारपूस करतो तेव्हा "पोर्टर मंडळी कशी आहेत" हे तुम्ही विचारा, रोज विचारा.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला सगळे डायमॉक्स म्हणतात, ती गोळी सवय लवकर व्हायला मदत करते पण घाईच्या प्लॅनची भरपाई करत नाही, आणि ती घ्यायची की नाही, किती घ्यायची हे निघायच्या आधी डॉक्टरला विचारा, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. डेक्सामेथासोन हे वेगळं आणि जोरदार औषध आहे, ते देऊन लक्षणं दाबून वर नेणारा गाइड दिसला तर नकार द्या. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा बघून एकमेकांशी स्पर्धा करत बसू नका, आकडा चांगला असूनही माणूस आजारी असू शकतो, लक्षणं जास्त महत्त्वाची. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर नकोतच.

पाणी, कचरा आणि संडास

बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, त्या बाटल्या खाली आणायची व्यवस्था बऱ्याच खोऱ्यांत नसते, त्या जाळतात किंवा खड्ड्यात टाकतात. पाणी उकळून घ्या, ५००० मीटरवर ते ८३-८४ अंशालाच उकळतं पण जंतू मारायला तेवढं पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू द्या. फक्त ते लाकडावर उकळलेलं नसावं. उंचावरचं जुनिपरसारखं झुडूप हातभर वाढायला कितीतरी वर्षं घेतं आणि शेकोटीत पाच मिनिटांत संपतं, त्यामुळे स्वयंपाक गॅस किंवा केरोसीनवर होतो का, आणि पोर्टरचाही त्यावरच होतो का, हे विचारायचं राहू देऊ नका, कारण तुमचं जेवण गॅसवर आणि त्यांचं तोडलेल्या लाकडावर असं सर्रास चालतं. लाकडावर तापवलेली गरम पाण्याची आंघोळही सोडा. क्लोरीनच्या गोळ्या वापरणार असाल तर थंडगार पाण्याला जास्त वेळ द्या.

कचरा जेवढा वर नेला तेवढा खाली. रॅपर घरीच काढून सामान एका पिशवीत भरलं तर निम्मं काम तिथेच होतं. बॅटरी, औषधांच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स हे वरच्या गावातल्या डब्यात टाकू नका, तो डबा पुढे कुठे रिकामा होतो ते बघितलंत तर टाकणार नाही. खुंबूमध्ये, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, नामचेच्या बाजूने परत येताना साधारण एक किलोची कचऱ्याची पिशवी उचलून विमानतळ असलेल्या लुक्ला गावापर्यंत नेता येते, अशी सोय ट्रेकरसाठी केलेली आहे, जमत असेल तर एक उचला.

संडास जिथे आहे तिथे तोच वापरा, कितीही वास येत असला तरी. जिथे नाही तिथे पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती, आणि कागद पिशवीत घालून सोबत. पण बर्फावर, खडकावर आणि फार उंचावर हे चालत नाही, तिथे काही कुजतच नाही, बर्फ वितळला की सगळं खालच्या गावाच्या पाण्यात. अशा ठिकाणी विष्ठा पिशवीत खाली आणावी लागते, आणि एव्हरेस्टवर चढणाऱ्यांना २०२४ पासून तिथल्या स्थानिक पालिकेने ते बंधनकारक केलंय. कंपनी कॅम्प लावत असेल तर टॉयलेट टेंटचं पुढे काय करता, हे विचारायला लाजू नका. आणि पोर्टरसाठी संडासाची वेगळी सोय आहे का तेही, कारण नसेल तर कॅम्पमागच्या दगडांआड काय दिसतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

वाटेत

याक किंवा खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही, लादलेल्या सामानाचा नुसता धक्का लागला तरी माणूस खाली जातो. ओझं घेऊन चढणाऱ्या पोर्टरला आधी वाट द्या. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटू नका, काही द्यायचंच असेल तर शाळेला द्या. फोटो विचारून, आणि पोर्टरचाही विचारूनच.

उतरल्यावर

टिप आधीच प्लॅनमध्ये धरून ठेवा आणि शक्यतो पोर्टरच्या हातात स्वतः द्या, सगळ्यांसमोर, कारण एका पाकिटात भरून वरच्या माणसाकडे दिलं की खालपर्यंत किती पोचतं ते कळत नाही. टिप म्हणजे मजुरी नाही, मजुरी नीट मिळाली का हे वेगळं विचारा. जास्तीचे हातमोजे, गरम टोपी द्यायची असेल तर तीही इथेच द्या, धुतलेली आणि वापरण्याजोगी.

आणि कंपनीला लेखी कळवा. जेवण छान, सीन छान एवढंच नको, तर वजन तोललं का, पोर्टर कुठे झोपले, कोणी आजारी पडलं तेव्हा काय केलं, किती मीटरला किती रात्री काढल्या, हे लिहा, चांगलं असेल तर चांगलं म्हणून ठळक लिहा. रिव्ह्यू टाकणार असाल तर त्यातही हेच टाका, म्हणजे पुढचा माणूस बुकिंगच्या आधी हे प्रश्न विचारेल आणि कंपनीला उत्तरं तयार ठेवावी लागतील.